ट्रायलला जरूर जा, पण परतीची जागा राखून

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या कार्यालयात हल्ली एका वेगळ्याच कामासाठी पालक येऊ लागले आहेत. मुलाला फुटबॉलच्या ट्रायलला न्यायचे आहे, बोनाफाईड हवे. कोणाला नवी मुंबई गाठायची असते, कोणाला पुणे, कोणाला गोवा. वापीहून गाडी पकडायची, दोन दिवस नातेवाइकांकडे राहायचे आणि पोराला मैदानावर उभे करायचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असा अर्ज आला असता तर आम्ही आधी गणिताचे गुण विचारले असते. आज विचारत नाही, हा बदल आम्हांस आवडतो. तरीही या विषयावर चार शब्द स्पष्ट लिहावेत असे वाटले, कारण तसे घडले आहे.

आपल्या शाळेचा एक मुलगा (नाव देत नाही, तो आता पुन्हा आपल्यातच शिकतो आहे) आठवीच्या सुरुवातीला बाहेरगावच्या एका अकादमीत निवडला गेला. प्रार्थनेच्या वेळी त्याचा सत्कार झाला, सूचना फलकावर रंगीत खडूने नाव लागले, पेढेही वाटले गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो परत आला. अकादमीने त्याला पुढे ठेवले नाही. त्यात अकादमीने काही गैर केले असे आमचे म्हणणे नाही. पण तिथल्या शाळेचा दाखला यायला फेब्रुवारी उजाडला. बोर्ड निराळे, माध्यम इंग्रजी, हजेरीचा हिशेब जुळेना. आम्ही त्याच्या वडिलांना तीन वेळा परत पाठवले. शेवटी जूनमध्ये तो पुन्हा नववीतच बसला. एक वर्ष गेले. पेढे वाटणारे आम्हीच आणि हेलपाटे घालायला लावणारेही आम्हीच, हे आधी कबूल केले पाहिजे.

अकादमीत निवड झाली म्हणजे मुलाचे कल्याण झाले, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. व्यावसायिक क्लब अकादमी चालवतो ती पुढे आपल्या पहिल्या संघाला खेळाडू मिळावेत म्हणून. तयार खेळाडू विकत घेणे महाग पडते. त्यापेक्षा बारा-तेरा वर्षांची मुले निवडायची, त्यांना राहायला-जेवायला द्यायचे, रोजचा सराव करून घ्यायचा आणि सहा-सात वर्षांनी त्यांतले मोजके पहिल्या संघात घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. तेरा वर्षांखालील गट, मग पंधरा, मग सतरा-अठरा, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर जागा कमी होतात आणि त्याच जागांसाठी बाहेरून नवी मुलेही येतात. हंगाम संपला की कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची बैठक होते. जगभर हेच चालते. इंग्लंडचा कप्तान झालेला हॅरी केन लहानपणी आर्सेनल क्लबाने सोडून दिलेला मुलगा होता. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी काढले. पुढे २०१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली ती त्याच्या गोलांवर. असे परत उभे राहणारे विरळा, हेही खरे.

आता निवड कशी होते ते पाहू, कारण इथेच आपले पालक सर्वांत जास्त फसतात. त्यांना वाटते, पोरगा उंच आहे, जोरात धावतो, लांब किक मारतो, म्हणजे झाले. चांगला निवडकर्ता हे पाहतो, पण त्याआधी दुसरेच पाहतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मुलगा मान वळवून आजूबाजूला बघतो का? पहिल्या स्पर्शात चेंडू मोकळ्या जागेकडे वळतो, की पायावर आपटून दोन हात लांब जातो? डावा पाय नुसता उभे राहण्यासाठी आहे की त्याचा उपयोगही होतो? चेंडू हरवल्यावर मुलगा लगेच मागे धावतो, की कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघतो? आपल्या मैदानावर संध्याकाळी अर्धा तास उभे राहून हे पाहा, मग ट्रायलचे तिकीट काढा.

तरी निवडकर्तेही चुकतात, आणि त्यांची एक चूक तर नियमितपणे होते. वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे कधी कधी वीतभर उंचीचे अंतर. अनेक देशांत अभ्यासकांनी तपासले तेव्हा अकादमीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांतली मुले प्रमाणापेक्षा जास्त आढळली. गुण तेवढेच, फक्त ती आधी वाढलेली. इंग्लंडमध्ये यावर उपाय म्हणून काही सामने जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवून पाहिले गेले. आपला जो मुलगा परत आला, त्याच्या वडिलांना कारण सांगितले गेले ते उंची कमी असल्याचे. त्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे. गेल्या वर्षभरात तो चार बोटे वाढला आहे, हे सहज म्हणून नोंदवून ठेवतो.

जन्मतारखेवरून एक जुनी खोड आठवली. आपल्या लोकांत शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख टाकायची पद्धत होती. गुरुजींना सोपे, पालकांना आठवत नाही, त्यामुळे अख्खा वर्ग १ जूनचा! ती पिढी आता आजोबा झाली. पण वय कमी दाखवून पोराला खालच्या गटात घुसवण्याचा मोह अजून गेलेला नाही. फुटबॉलमध्ये तो आता चालत नाही. आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ पाहतात, आणि फिफाच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी होते. त्यात पकडलेल्या मुलावर बंदी येते, तारीख लिहून देणारा नामानिराळा राहतो. आमच्याकडे कोणी जन्मतारीख दुरुस्त करण्याची गळ घालू नये.

चांगले उदाहरण हवे तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे घ्यावे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा ही संघांची नावे ऐकली तर परक्याला कुस्तीचे फड वाटतील, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला होणारी गर्दी पाहून मोठ्या क्लबांनी तोंडात बोटे घालावीत. त्या गावात २००० साली जन्मलेला हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून पुणे एफसीच्या अकादमीत, तिथून राष्ट्रीय शिबिरात. ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. त्या संघात न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही होता, आणि एकट्या मणिपूरची आठ मुले होती. भारत तिन्ही सामने हरला, पण ती मुले तिथवर पोचली. विश्वचषकाला काही महिने उरले असताना जर्मन प्रशिक्षक जाऊन पोर्तुगीज प्रशिक्षक आले. म्हणजे वर्षानुवर्षे एकाच्या नजरेत भरलेल्या मुलांना दुसऱ्यासमोर पुन्हा उभे राहावे लागले. अनिकेत टिकला. पुढे इंडियन अ‍ॅरोज, मग इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही महिने सराव (हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे), मग जमशेदपूर, मग हैदराबाद.

या वाटेत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ज्या पुणे एफसीच्या अकादमीने त्याला घडवले, तो क्लब २०१५ नंतर व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर पडला. त्याची अकादमी २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडे गेली. मग २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही मिटला. त्याआधी २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळला होता, २०१७ मध्ये मुंबई एफसी गेला, आणि लिव्हरपूलचे नाव लावून पुण्यात उभी राहिलेली डीएसके शिवाजीयन्सची अकादमीही त्याच सुमारास मालकाच्या आर्थिक पडझडीबरोबर बंद झाली. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राची ही यादी आहे. मोठ्या खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. वसतिगृहात पेटी घेऊन राहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराने काय करायचे? आणि हे जुने झाले असेही नाही. २०२५ च्या जुलैत, महासंघ आणि आयोजक यांच्यातला करार डिसेंबरात संपत असल्याने इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही रोखले. पहिल्या संघाला पगार नाही, तिथे अकादमीच्या भोजनगृहाचे काय?

म्हणून पाठवूच नये का? आमचे मत तसे अजिबात नाही. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून, आणि गोव्याची सेसा अकादमी १९९९ पासून चालू आहे. भारताच्या बचावफळीत वर्षानुवर्षे उभा राहिलेला गोव्याचा महेश गवळी टाटांच्या अकादमीतून आला, आणि आज तो प्रशिक्षक आहे. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनने २०१५ मध्ये निवासी अकादमी सुरू केली, तिथे निवडलेल्या मुलांचा राहण्याचा आणि शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्तीतून होतो. खानवेलच्या चढावर अनवाणी धावणारी आपली वारली-कोकणा मुले पाहिली की वाटते, यांना कोणी नीट पाहिलेच नाही. त्यांनी गेले पाहिजे. मुलींनीही गेले पाहिजे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत, म्हणजे आपल्यापासून चार-पाच तासांवर झाले. मुलींसाठी निवासी अकादमी मात्र मुलांच्या मानाने फारच थोड्या.

जाताना मात्र पालकांनी विचारायला लाजू नये. अकादमी क्लबाची आहे की नुसते परदेशी क्लबाचे नाव भाड्याने घेऊन फी गोळा करणारा संध्याकाळचा वर्ग आहे? तसा वर्ग वाईटच असतो असे नाही, पण तिथे 'निवड' झाली म्हणून जमीन गहाण टाकू नये; पैसे भरणारा प्रत्येक जण तिथे निवडला जातो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादमींना तारे देऊन मान्यता देतो, त्या यादीत नाव आहे का? मुलगा कोणत्या शाळेत, कोणत्या माध्यमात शिकणार? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? सोडायचे ठरले तर कोणत्या महिन्यात कळवणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मार्चमध्ये कळले तर मुलाचे वर्ष वाचते, डिसेंबरात कळले तर जाते.

आणखी एक कागद पालकांनी जपावा, मुलाच्या नोंदणीचा. फिफाच्या नियमानुसार खेळाडू पुढे पैसे मोजून एका देशाच्या क्लबातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आपल्या शाळेला यातून काही मिळणार नाही आणि मिळावे अशी अपेक्षाही नाही. पण मूल कोठे, कोणत्या वर्षी खेळले याची नोंद जगात एवढी मोलाची मानतात, आणि आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धेच्या संघाची यादी दुसऱ्या वर्षी सापडत नाही.

आता विश्वस्त मंडळाकडे आमचे मागणे. अकादमीत जाणाऱ्या विद्यार्थ्याची जागा आपल्या शाळेत दोन वर्षे राखून ठेवावी. तो वर्षाच्या मध्यात परतला तर दाखला येईपर्यंत त्याला तात्पुरते वर्गात बसू द्यावे, आणि राहिलेल्या मराठी व समाजशास्त्राच्या भागासाठी जादा तास घ्यावेत. आमच्यापैकी दोघे शिक्षक हे तास विनामूल्य घ्यायला तयार आहेत. त्या मुलाच्या बाबतीत नियमांत बसत नाही असे जे सांगितले गेले, ते नियम बऱ्याच अंशी आपलेच होते. जिथे सरकारी नियम आड येतो तिथे शिक्षण खात्याकडे आधीच लेखी विचारणा करून ठेवता येईल. मूल दारात उभे राहिल्यावर पत्रव्यवहार सुरू करणे बरे नव्हे.

दुसरे मागणे सुब्रोतो कपाचे. १९६० पासून चाललेली ही स्पर्धा शाळांची आहे, क्लबांची नाही. तिथे उतरायला अकादमी लागत नाही, शाळेचा संघ लागतो, आणि निवडकर्ते तिथेही येतात. आपल्या प्रदेशाच्या निवड फेरीत यंदा मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ वेळेवर नोंदवावेत. संघाला सरावासाठी मैदान लागेल. आपल्या मैदानावर गणपतीचा मंडप आपणच घालतो, त्यामुळे बांबूंचे खड्डेही आपलेच. गेल्या वर्षीचे अकरा खड्डे अजून तसेच आहेत. परत आलेल्या त्या मुलानेच ते मोजून आम्हांस सांगितले. रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी तो खालच्या वर्गातल्या मुलांना घेऊन तिथे सराव करतो, आणि खड्ड्यांभोवती त्याने विटांचे तुकडे मांडून ठेवले आहेत.