तोच आणि तसाच

वडिलोपार्जित जमिनीच्या कामासाठी पनवेलच्या कचेऱ्यांत ज्याने चार दिवस घालविले आहेत, त्याला ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ या मजकुराचे प्रतिज्ञापत्र कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या फेरफारात आजोबांचे नाव ‘पांडू’, खरेदीखतात ‘पांडुरंग’ आणि मृत्यूच्या दाखल्यात ‘पांडुरंगबुवा’ असे लागलेले असते. हे तिन्ही इसम वस्तुतः एकच होते, ही घरातल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट नातवाला शपथेवर लिहून द्यावी लागते. उलट प्रकारही तितकाच परिचयाचा आहे. आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. ती दोन पिढ्या निष्ठेने पाळली गेली, की आजा नामा जोमा, बाप जोमा नामा आणि नातू पुन्हा नामा जोमा अशी साखळी तयार होते, आडनाव तर पाटील किंवा म्हात्रे असे अर्ध्या गावाचे असते, आणि मग दप्तरात आजा व नातू यांच्यात अक्षराचाही फरक उरत नाही. पहिल्या प्रकारात एकाचे तीन झाले, दुसऱ्यात दोघांचा एक झाला.

मराठीत या भेदासाठी दोन साधे शब्द आहेत: ‘तोच’ आणि ‘तसाच’. बाजारातून आणलेली छत्री हरवलेल्या छत्रीसारखी असली, तर ती ‘तशीच’ असते. हरवलेली परत सापडली, तर ती ‘तीच’ असते. आपल्या प्राचीन दर्शनकारांनी प्रत्यभिज्ञेची चर्चा करताना ‘तोच हा देवदत्त’ हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या घोळविले, ते याचसाठी की पूर्वी पाहिलेला तरुण देवदत्त आणि आज समोर उभा असलेला वृद्ध देवदत्त यांचे एकही बाह्य लक्षण जुळत नसताना ते दोघे एक कसे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

संगणकाच्या भाषा घडविणाऱ्यांना हा प्रश्न आरंभीच भेटला. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘लिस्प’ भाषेच्या वर्णनातच ‘ईक्यू’ आणि ‘ईक्वल’ अशा दोन निरनिराळ्या कसोट्या आढळतात, आणि पुढे या भाषेत पहिली कसोटी वस्तू एकच आहे काय हे विचारण्यासाठी, तर दुसरी तिची घडण सारखी आहे काय हे विचारण्यासाठी रूढ झाली. आज आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकविल्या जाणाऱ्या ‘जावा’ भाषेतही हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोन वस्तूंच्या मध्ये बरोबरीची दोन चिन्हे जोडून लिहिली, तर यंत्र ‘ही तीच काय?’ एवढेच पाहते. ‘ही तशीच काय?’ हे विचारायचे तर ‘ईक्वल्स’ नावाचा निराळा व्यवहार करावा लागतो. नवशिका विद्यार्थी नावांची तुलना दोन चिन्हांनी करतो आणि फसतो, कारण आज्ञावलीतच लिहून ठेवलेला ‘पनवेल’ हा शब्द दहा ठिकाणी आला तरी यंत्र त्याची एकच प्रत राखते, त्यामुळे घरच्या चाचणीत उत्तर बरोबर येते. पण तोच शब्द एखाद्याने कळफलकावरून टंकित केला की त्याची नवी प्रत निर्माण होते, आणि ‘पनवेल’ व ‘पनवेल’ हे एक नव्हेत असा निवाडा यंत्र देते. संख्यांच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार घडतो: उणे १२८ पासून १२७ पर्यंतचे पूर्णांक वस्तुरूपाने हवे असल्यास जावा आधीच राखून ठेवलेली प्रत देते, म्हणून १२७ आणि १२७ ‘तेच’ ठरतात, तर १२८ आणि १२८ बहुधा वेगळे निघतात.

या भेदाचे व्यावहारिक मर्म समजायला यंत्राकडेही जावे लागत नाही. दोघा भावांचे सामाईक शेत असते, तोवर थोरल्याने घातलेला बांध धाकट्याच्याही शेतात आपोआप पडलेला असतो, कारण नावे दोन असली तरी शेत तेच; वाटप होऊन दोघांना वीस-वीस गुंठे मिळाले, की दोन्ही हिस्से अगदी सारखे असले तरी एकात केलेली लागवड दुसऱ्यात उगवत नाही. आणि सारे गुण बदलूनही वस्तू तीच राहते, याचा दाखला खुद्द आमच्या गावाचा आहे. १८५२ साली नगरपालिका झालेले पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. तालुका पूर्वी कुलाबा जिल्ह्यात होता, १९८१ पासून रायगड जिल्ह्यात आहे, आणि तरीही जुन्या दस्तऐवजातील ‘जिल्हा कुलाबा’ वाचून ही जमीन दुसरीकडची आहे असे कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही.

माझे म्हणणे आहे ते यापुढे. ‘तोच’ काय आहे हे यंत्र स्वतःहून जाणते, पण ‘तसाच’ म्हणजे काय, हे यंत्राला मनुष्यानेच सांगावे लागते: कोणती लक्षणे जुळली म्हणजे दोन वस्तू समान मानाव्यात, याचा निर्णय आज्ञावली लिहिणारा करतो, आणि त्याने तो केला नाही तर जावा समानतेचा अर्थ केवळ ‘तोच’ एवढाच धरते. सरकारी दप्तराच्या संगणकीकरणात नेमका हा निर्णय कोणी केला, कोणत्या आधारावर केला, हे खातेदाराला कधीच कळत नाही. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांची जुळणी आता शेतकरी ओळख क्रमांकासारख्या प्रत्येक योजनेच्या उंबरठ्यावर होते. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा ‘बुवा’चा फरक पडला, तर जिवंत मनुष्य आपल्याच जमिनीला परका ठरतो. अक्षरांची समानता ही मनुष्याच्या एकत्वाची जागा घेऊ लागली आहे, हे मला अनर्थकारक वाटते. जुना तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्या हातून चुका होत असत, पण त्याने गाव पाहिलेले असे, आणि ‘हा नामा जोमा म्हणजे त्या नामा जोमाचा नातू’ एवढे तो पंचनाम्यात लिहू शके.

आमच्या तालुक्यात तर ही गोष्ट पोटाशी निगडित आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निघाल्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. त्या भूखंडाचा हक्क कोणाचा, हे ठरते जुन्या फेरफारातील एका नावावर. खाडीकाठचे शेत गेले, त्याच्या मोबदल्यात मिळालेला भूखंड तेच शेत नव्हे, हे ज्यांनी मुकाट्याने सोसले, त्यांच्या नातवांना निदान आजोबा तेच होते हे सिद्ध करण्यासाठी वर्षे घालवावी लागू नयेत.

म्हणून महसूल खात्याला आणि त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या आमच्याच तरुणांना माझी विनंती आहे: नावे कोणत्या नियमाने जुळविली जातात तो नियम मराठीत लिहून प्रत्येक चावडीवर लावा, न जुळलेला अर्ज परस्पर फेटाळू नका, तो गाव ओळखणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवा, आणि ‘तोच हा’ असे एकदा चौकशीअंती ठरले, की ती नोंद सर्व योजनांना कायमची लागू करा, म्हणजे तेच प्रतिज्ञापत्र त्याच माणसाकडून पुन्हा मागितले जाणार नाही.