फोटो नंतर काढा, आधी आत चला!

समजा, तुम्ही जर्मनीत शिकताय. सुट्टी लागली, चार मित्र जमले, रात्रीची स्वस्तातली बस पकडून व्हिएन्नाला पोचलात. पाठीवर सॅक, डब्यात चटणी-पोळीचा रोल आणि खिशात मोजून ठेवलेले युरो. ट्राममधून उतरलात तर समोर ती भलीमोठी दगडी इमारत. कमानीच कमानी, त्यावर पंखवाल्या घोड्यांवर बसलेले स्वार. व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा. आता तुम्ही काय कराल?

मी सांगते. एक फोटो समोरून, एक रस्त्याच्या पलीकडून, एक सेल्फी. मग ‘चला, पुढे काय आहे?’ म्हणत निघाल.

मी पहिल्या वेळेस अगदी हेच केलं. २०२३ चा डिसेंबर होता. दारातून लांब कोट घातलेले आजोबा, मोत्यांचे सर ल्यालेल्या आज्या आत जात होत्या. मी माझ्या मळक्या बुटांकडे बघितलं, सॅककडे बघितलं आणि मनाशी म्हटलं, हे आपलं काम नाही. कुणी मला अडवलं नव्हतं बरं का. दारावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मीच मला अडवलं.

आज हे लिहितेय ते याच ‘आपलं काम नाही’बद्दल. कारण हे वाक्य फक्त व्हिएन्नात डोक्यात येत नाही. शास्त्रीय संगीताची मैफल, चित्रांचं प्रदर्शन, अगदी आपल्या गावातलं प्रायोगिक नाटक, सगळीकडे ते आपल्या आधी पोचलेलं असतं.

माझं गाव कोल्हापूर. तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे आमच्या घरचं माणूस. १९०२ मध्ये शाहू महाराज युरोपला गेले, तिथली रंगमंदिरं त्यांनी पाहिली आणि आपल्या गावातही असं काही हवं असं त्यांच्या मनाने घेतलं, असं आमच्याकडे सांगतात. १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभं राहिलं. पहिलं नाटक मी तिथेच आईच्या मांडीवर पाहिलं, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या अंकात झोपले.

८ ऑगस्ट २०२४ ला मी जर्मनीत हॉस्टेलच्या किचनमध्ये भात लावत होते. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. नाट्यगृह जळत होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं थिएटर पेटलेलं. मामाने ऑडिओ पाठवला होता, त्यात तो काही बोललाच नाही. नुसता लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. भात करपला. मी बराच वेळ तो गॅस बंद केला नव्हता.

त्या आठवड्यात मी जळालेल्या थिएटरांबद्दल सापडेल ते वाचत सुटले. आणि कळलं की ज्या इमारतीसमोर मी सेल्फी काढून आले होते, तीही जळालेली आहे. १२ मार्च १९४५, महायुद्ध संपायला जेमतेम दोन महिने राहिलेले. अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले आणि प्रेक्षागृह, रंगमंच सगळं आगीत गेलं. सुमारे दीड लाख पोशाख जळाले. वाचला तो पुढचा दर्शनी भाग, मोठा जिना आणि थोडे दिवाणखाने. म्हणजे माझ्या सेल्फीत जे आलं होतं, साधारण तेवढंच.

म्हणून मी पुन्हा गेले. या वेळेस एकटी.

दिवसा गाईडबरोबरची टूर घेतली. ती वाईट नसते. संगमरवरी जिना चढता येतो, मान वर करून छत बघता येतं. आणि गोष्टी कळतात. ही इमारत बांधायला घेतल्यावर समोरचा रस्ता साधारण मीटरभर उंच केला गेला, त्यामुळे इमारत जमिनीत दबल्यासारखी दिसायला लागली. लोकांनी तिला ‘बुडालेली पेटी’ म्हणून हिणवलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं. आजच्या भाषेत तुफान ट्रोलिंग. दोन वास्तुकारांपैकी फान देर न्यूल यांनी १८६८ मध्ये आत्महत्या केली आणि त्यांचे जोडीदार सिकार्ड्सबुर्ग त्यानंतर काही आठवड्यांतच गेले. २५ मे १८६९ ला मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने पहिला पडदा उघडला, तेव्हा ती इमारत उभी करणारे दोघेही नव्हते. आज त्याच ‘पेटी’समोर जगभरचे लोक फोटोसाठी रांग लावतात.

जिन्यापासून प्रेक्षागृहात आलात की एकदम काळ बदलतो. बाहेर सोनेरी नक्षी, आत मात्र बरंच साधं, पन्नाशीच्या दशकातलं. युद्धानंतर हे प्रेक्षागृह नव्याने बांधलं. देश हरलेला, शहराचे तुकडे करून चार राष्ट्रांच्या फौजा बसलेल्या. तरी दहा वर्षं खपून ५ नोव्हेंबर १९५५ ला त्यांनी बेथोव्हेनच्या ‘फिदेलिओ’ने थिएटर पुन्हा उघडलं. तुरुंगातून सुटकेची गोष्ट सांगणारा तो ऑपेरा. परक्या फौजा त्याच वर्षी देशातून गेल्या होत्या.

इथपर्यंत टूर. पाऊण तासात संपते. पण माझं म्हणणं असं आहे की एवढ्यावर परत आलात, तर तुम्ही थिएटर पाहिलंच नाही. लग्नाचा हॉल बघून आलात, लग्न नाही.

आता कामाची गोष्ट ऐका. या थिएटरमध्ये साधारण सतराशे खुर्च्या आहेत आणि गाजलेल्या प्रयोगाला पुढच्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर पडतात. पण याच थिएटरमध्ये चारशेहून जास्त जागा उभ्याने बघायच्या आहेत. वीस युरोंच्या आत तिकीट, तेही प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतं, त्यामुळे महिनोन् महिने आधी ठरवणारे श्रीमंत ते आधीच उचलू शकत नाहीत. आणि या जागा कुठे कोपऱ्यात, खांबामागे नाहीत. तळमजल्यावरची उभ्याची जागा बरोब्बर मधोमध आहे, एकेकाळी जिथे बादशहा बसायचा त्या मधल्या कक्षाच्या अगदी खाली. म्हणजे बादशहाला जे दिसायचं-ऐकू यायचं, जवळपास तेच तुम्हाला.

मी तिकीट घेतलं, आत शिरले आणि गोंधळून उभी राहिले. प्रत्येक रांगेपुढे एक कठडा. शेजारी साठी-पासष्टीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओढणीकडे बोट दाखवलं, मग कठड्याकडे. मला कळेना. मग त्यांनी स्वतःचा स्कार्फ कठड्याला गाठ मारून बांधला. अच्छा, रुमाल टाकून जागा धरायची! एसटीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या पोरीला हे शिकवायला नको. ओढणी बांधली आणि निवांत पाणी प्यायला गेले. परत आले तर जागा तशीच. त्या क्षणी ते ‘आपलं काम नाही’ थोडं ढिलं झालं.

त्या रात्री पुचिनीचा ‘ला बोहेम’ होता. गोष्ट काय? पॅरिसमध्ये माळ्यावरच्या खोलीत राहणारे चार दोस्त. थंडीने काकडलेले, भाडं थकलेलं, घरमालक दारात. शेगडीत घालायला काही नाही म्हणून त्यातला लेखक स्वतःचंच नाटक जाळतो. हॉस्टेलवर महिनाअखेर काढलेल्या कुणालाही हे समजायला इटालियन यायला नको. शिवाय प्रत्येकाच्या पुढ्यात छोटा स्क्रीन असतो, त्यावर इंग्रजीत अर्थ दिसतो. हा सेट आणि हे दिग्दर्शन इथे १९६३ पासून चालू आहे. म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाच्या आसपासचं.

शेवटच्या अंकात मिमी आजारी होऊन परत येते. मित्रांकडे औषधाला पैसे नाहीत. एकजण आपला जुना कोट विकायला निघतो, आणि निघताना त्या कोटाचा निरोप घेतो. एका कोटासाठी गाणं! पायांना कळा लागल्या होत्या, पाठ धरली होती, पण माइकशिवाय तो आवाज एवढ्या मोठ्या थिएटरच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता आणि मी रडत होते. शेजारच्या बाईही रडत होत्या. त्यांनी हा प्रयोग आधी कितीदा पाहिला असेल कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, अडीच तास उभं राहून कसली मजा? खरंय, पाय दुखतात. पण पुढच्या गर्दीत सात-आठ तास उभं राहून आपण कॉन्सर्ट बघतोच की. दुसरं म्हणाल, हे युरोपातल्या बड्या लोकांचं, आपण कशाला कौतुक करायचं? अर्धं बरोबर आहे. याच थिएटरमध्ये दरवर्षी ‘ऑपेरा बॉल’ होतो, तिथला थाट आपल्या बजेटमधला नाही. आणि स्वस्त तिकीट हा काही चमत्कार नाही, या थिएटरला सरकारी तिजोरीतून भरपूर पैसे मिळतात. पण म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. पैसे सगळ्यांचे, तर दारही सगळ्यांना उघडं हवं. तिथे ते निदान चारशे जणांना रोज उघडतं. कुणाची कृपा म्हणून नाही, तिकीटखिडकीवर रीतसर.

तुम्ही कधी गेलात तर एवढं करा. वेळ आणि दर थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा, ते बदलत असतात. रस्त्यात मोत्सार्टसारखा केसांचा टोप घालून तिकिटं विकणारे भेटतील. ते बहुतेकदा पर्यटकांसाठीच्या दुसऱ्याच कुठल्यातरी कार्यक्रमाची विकतात, नीट वाचल्याशिवाय पैसे काढू नका. हाफ पँट आणि चपला नकोत, स्वच्छ जीन्स चालते. बूट सपाट घाला. गोष्ट आधी वाचून जा. आणि कठड्याला बांधायला ओढणी विसरू नका.

आणि जाणं नाहीच जमलं तर? हरकत नाही. हे वाचणाऱ्यांतले बरेचसे व्हिएन्नाला जाणार नाहीत, मलाही ठाऊक आहे. पण तुमच्या गावात नाट्यगृह असेल. शेवटचं कधी गेला होतात? गॅदरिंग सोडून?

आमचं केशवराव भोसले पुन्हा उभं राहावं म्हणून कोल्हापूरकरांनी जीव टाकलाय. चर्चा ऐकली की त्यात खुर्च्या असतात, एसी असतो, लाइट्स असतात. सगळं हवंच. माझी मागणी एकच आणि ती फक्त कोल्हापूरची नाही, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालिकेच्या नाट्यगृहासाठी आहे. थोड्या जागा प्रयोगाच्या दिवशी, वडापाव-चहाच्या पैशांत विद्यार्थ्यांसाठी ठेवा. बाल्कनीच्या टोकाला नकोत, मधोमध ठेवा. खुर्ची नसली तर कठडा द्या, आम्ही उभे राहू. निर्मात्यांचं नुकसान होऊ नये म्हणून फरकाचे पैसे पालिकेने भरावेत. आणि ही मागणी आपण करायची आहे, तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांनी. कारण पुढची चाळीस वर्षं ते थिएटर भरणार की रिकामं राहणार, हे आपल्यावर आहे.

प्रयोग संपल्यावर त्या बाईंनी कठड्यावरची स्कार्फची गाठ सोडली, मला हात केला आणि ट्राम पकडायला पळाल्या. मी बाहेर आले. समोरून इमारत उजळलेली होती, फोटोला एकदम भारी. मोबाइल काढला तर बॅटरी संपलेली.

त्यामुळे त्या रात्रीचा माझ्याकडे एकही फोटो नाही.