खाडीला तिची वाट द्या

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिया या राजधानीत १९५१ साली डेशूट्स नदीच्या मुखाशी बंधारा घालून एक तलाव निर्माण करण्यात आला. राज्याच्या विधानभवनाचा घुमट संथ पाण्यात प्रतिबिंबित व्हावा आणि ओहोटीचा चिखल नजरेआड व्हावा, हा त्यामागील हेतू. तो सफल झाला. पण भरती अडली आणि नदीचा गाळ तळाशी साचत गेला. १९८५ साली तेथे पोहणे बंद झाले. २००९ मध्ये न्यूझीलंडच्या उपद्रवी चिखलगोगलगायी आढळल्या आणि नौकाविहारही थांबला. ज्या पाण्याला स्पर्श करावयाचा नाही, ते केवळ पाहण्यासाठी राखावे काय?

२०२२ मध्ये राज्य सरकारने दीर्घ अभ्यासाअंती बंधारा काढून खाडी पूर्ववत् करण्याचा पर्याय पसंत केला. तेथील मूळच्या स्क्वॉक्सिन आयलंड जमातीचाही आग्रह हाच होता. तलावाकाठी वाढलेल्यांची हळहळ आम्ही समजू शकतो. खर्च मोठा आहे, बंदरात गाळ जाण्याची भीतीही खरी आहे. तथापि तलाव राखला, तरी गाळ उपसणे चुकत नाही. ओहोटीला चिखल दिसेल. पण त्याच चिखलावर पक्षी आणि सामन माशांची पिल्ले पोसतात.

हा निर्णय योग्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाड्या बुजवून वाढलेल्या मुंबईनेही तो ध्यानी घ्यावा. अडविलेली खाडी पुन्हा मोकळी करता येते. बुजवून इमारती उभारलेली खाडी मात्र सहसा परत मिळत नाही.