लस पावसाआधीच द्या

ऑक्टोबर उजाडला की आपल्यापैकी अनेकांना फ्लूच्या लशीची आठवण होते. ते वेळापत्रक युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्याचे आहे. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाची मुख्य लाट बहुतेक वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, बहुधा लहान. ऑक्टोबरात टोचलेली लस मोठी लाट ओसरल्यावर कामाला लागते आणि पुढच्या पावसापर्यंत तिचा जोर उतरतो. म्हणून वाशी, नेरूळ, पनवेल, उरणच्या डॉक्टरांशी हे बोलणे मे महिन्यातच व्हायला हवे.

प्रश्न वेळेइतकाच कुपीचाही आहे, आणि २०१७ साल त्याचा धडधडीत पुरावा आहे. २००९च्या साथीपासून लशीत एच१एन१चा कॅलिफोर्निया हाच प्रकार होता. विषाणू मात्र थांबला नव्हता. त्याची आरएनए प्रत काढणारे विकर चुका दुरुस्त करत नाही. त्या चुकांपैकी ज्या आपल्या प्रतिपिंडांना चकवतात, त्या टिकून पसरतात. हिमॅग्लुटिनिनवर १६२व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्पॅराजीन आले आणि तिथे साखरेच्या साखळीचा आडोसा तयार झाला. हा मिशिगन प्रकार. फेरेटच्या रक्तद्रवावरच्या नेहमीच्या चाचण्यांत दोघांतला फरक नीट दिसत नव्हता. प्रौढ माणसांच्या रक्तद्रवात तो दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६मध्ये दक्षिण गोलार्धासाठी मिशिगनची शिफारस केली. २०१७च्या पावसाळ्यात आपल्याकडे तोच पसरला आणि देशात सर्वाधिक मृत्यू महाराष्ट्रात झाले. त्या उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धाची लस घेतलेल्यांना योग्य घटक मिळाला. आदल्या हिवाळ्यात उत्तर गोलार्धाची घेतलेल्यांच्या कुपीत कॅलिफोर्नियाच होता.

दोन लाटांच्या मधे विषाणू कुठे असतो? 'नेचर'मध्ये २०१५ साली ट्रेव्हर बेडफर्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात पुण्याच्या एनआयव्हीचे शास्त्रज्ञही होते. एच३एन२ वेगाने बदलतो, प्रौढांना पुन्हा पुन्हा गाठतो आणि त्यांच्या प्रवासाबरोबर पूर्व आणि आग्नेय आशियातून जगभर जातो, असे त्यात दिसले. बी प्रकार आणि २००९पूर्वीचा एच१एन१ यांची गती मंद. त्यांच्या रुग्णांत मुले अधिक, आणि मुले विमानाने कमी फिरतात. म्हणून त्यांचे वंश भारतासारख्या प्रदेशात हंगामामागून हंगाम स्थानिक पातळीवर टिकून राहिले. म्हणजे एप्रिल-मेमधला जो ताप 'साधा व्हायरल' म्हणून आपण सोडून देतो, त्यात पुढच्या लाटेचे बीज असू शकते. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. स्थानिक आणि बाहेरून येणारा, दोन्ही विषाणू आता आपल्याच दारात भेटतील.

हंगामाबाहेरचे नमुने म्हणूनच मोलाचे. फ्लूच्या रुग्णांच्या अ, ब, क वर्गवारीत चाचणी मुख्यतः क वर्गाची, गंभीर रुग्णांची होते. उपचारासाठी ते योग्यच आहे, पण दवाखान्यातला सौम्य रुग्ण नोंदीतून निसटतो. १९१८मध्ये मुंबईत जूनची लाट तुलनेने सौम्य होती आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची संहारक. आज विषाणूतले बदल वेळीच ओळखण्याची साधने आहेत. नमुनाच पोहोचला नाही तर ती वाया जातात.

अशा लहान बदलांहून मोठी उडी विषाणू मारतो ती जनुकखंडांच्या अदलाबदलीतून. त्याचे आठ खंड सुटे असतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की नवे मिश्रण जन्मते. २००९चा विषाणू असाच डुकरांत घडला. जानेवारी २०२५मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने गेले. सस्तन प्राण्यांत पोहोचलेला हा विषाणू माणसांत सहज पसरत नाही, ही आजची स्थिती आहे. तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. ताप-खोकल्याच्या रुग्णाला कुक्कुटपालन, कोंबड्यांची विक्री, मेलेले पक्षी यांबद्दल विचारायला अर्धे मिनिट पुरते.

वितरकाला आजच फोन करा, खोक्यावर 'दक्षिण गोलार्ध' आणि चालू वर्ष आहे का ते पाहूनच माल घ्या. गर्भवती, साठीपुढचे, मधुमेही, दमेकरी आणि तुमच्या दवाखान्यातले कर्मचारी यांना जूनच्या पहिल्या आठवड्याआधी लस द्या. तुम्ही स्वतःही घ्या.