जादा दिव्यांचा दंड मालकाला, बसवणारा मात्र मोकळा

दुचाकीच्या हँडलखाली दोन एलईडी दिवे बसवून घेणे हे गोव्यात आता नवलाईचे राहिलेले नाही. त्यामागे निव्वळ हौस असते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. किनाऱ्यावरील हॉटेलातून मध्यरात्री सुटणारा कामगार, वेर्ण्याहून रात्रपाळी संपवून परतणारा तरुण, उशिराचे भाडे घेऊन निघालेला पायलट या सर्वांना गाडीचा मूळ दिवा अपुरा वाटतो. भिजलेल्या डांबरावर बसलेली काळी गाय हाकेच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही, हा अनुभव एकदा आलेल्या माणसाला जादा उजेडाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

अडचण समोरून येणाऱ्याची आहे. दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्यावर, पावसाने ओघळलेल्या हेल्मेटच्या काचेतून पाहणाऱ्या स्कूटरस्वाराला या दिव्यांपुढे काही क्षण काहीच दिसत नाही. कंपनीच्या हेडलाइटचा झोत डिपरवर खाली वळतो. स्वस्तातल्या जादा दिव्यांत तशी सोय बहुधा नसते. ते सरळ पुढे आणि वरही फेकतात. अप्पर-डिप्परचा शिष्टाचार तेथे संपतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६वा नियम सांगतो की पुढचा झोत कायम खाली वळलेला असावा आणि ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवू नये. मोजता येईल असा हा निकष आहे. वाहनातील परवानगीबाह्य फेरफारासाठी २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मात्र या पोटकलमात जबाबदार धरला आहे तो वाहनाचा मालक. दिवा बसवून देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. ज्याच्या हाती स्क्रू फिरवणे आणि तार जोडणे असते, तोच या चौकटीबाहेर राहतो.

आणि तार जोडण्यातच खरा धोका दडलेला असतो. २० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतात. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण हेडलाइटची मूळ तार सोलून तीवरच हा भार टाकला, तर ती आणि बटणातील जोड तापू लागतात. बॅटरीपासून स्वतंत्र तार, बॅटरीलगत ५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले आणि चावी बंद होताच दिवे विझावेत म्हणून मूळ तारेतून रिलेला केवळ इशारा, ही पद्धत जाणत्या कारागिराला ठाऊक असते. तिला वेळ व थोडा जास्त पैसा लागतो, म्हणून घाईच्या गिऱ्हाइकासाठी ती टाळली जाते. चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा आपल्याकडील पावसात आणि खाऱ्या हवेत टिकत नाही. हिरवट गंज चढतो, दिवा लुकलुकतो, प्रसंगी मूळ हेडलाइटही ऐन घाटात दगा देतो. म्हणजे सुरक्षेसाठी केलेला खर्चच अंगाशी येतो.

एखाद्या रात्री नाकाबंदी करून सरसकट दिवे उतरवणे हा उपाय दिसायला ठसठशीत असला, तरी त्यातून भरडला जाईल तो अंधाऱ्या रस्त्याने रोज कामावर जाणारा. त्याऐवजी तपासणी झोताची व्हावी. त्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करायची आणि भिंतीवर दीड मीटरवर रेघ ओढायची. झोताची वरची कडा त्या रेघेखाली, शक्यतो दिव्याच्याही उंचीखाली राहिली पाहिजे. मात्र गाडीवर चालक आणि मागे सहप्रवासी बसलेला असावा. मागे वजन आले की पुढचा भाग उचलला जातो आणि रिकाम्या गाडीवर नीट बसवलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गॅरेजमध्ये हे सहसा कोणी पाहत नाही.

दिवा बसवणाऱ्याने पावतीवर फ्यूज, रिले आणि झोताची उंची नोंदवून सही करावी, एवढी अट परिवहन खात्याने घातली, तरी दंडाच्या पावतीआधी जबाबदारीची पावती तयार होईल.