रेशमाचे किडे आणि यंत्राचा हात

घर बांधण्याची विद्या मानवालाच अवगत आहे, असा अभिमान कोणी बाळगू नये. रेशमाचा किडा आपले इवलेसे डोके इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरवीत, सुमारे १ किलोमीटर लांबीच्या एकाच धाग्याने आपले घर, म्हणजे कोष, विणतो. त्यास ना ओळंबा लागतो, ना गवंडी.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत २०१३ साली वास्तुशिल्पी नेरी ऑक्समन व त्यांचे सहकारी यांनी या विद्येस यंत्राची जोड दिली. संगणकाच्या आज्ञेबरहुकूम चालणाऱ्या यंत्राने प्रथम २६ बहुकोनी चौकटींवर रेशमाचे धागे ताणले. त्यांचा घुमटाकार सांगाडा टांगून त्याच्या खालच्या कडेस ६,५०० किडे सोडण्यात आले. धाग्यांवरून चढता चढता किडे रिकाम्या जागा रेशमाने भरीत गेले. कोठे जावे हे त्यांना कोणी सांगितले नाही. परंतु अंधारी व दाट जागा त्यांना आवडते, हे ठाऊक होते. म्हणून उजेडाचा हिशेब करूनच सांगाड्यात झरोके ठेवले होते. हुकूम न सोडता काम करवून घेण्याची ही युक्ती मोठी चतुर खरी!

तथापि, या किड्यांना मानवाचे 'भागीदार' म्हणणे हे फार सैल बोलणे होय. किड्याला बांधावयाचे होते स्वतःचे घर. त्याने विणला माणसाचा मंडप. कोष उभारण्यास त्याला भोवताली थोडीशी उंची लागते. ती न मिळाल्यास तो सपाट पापुद्रा विणतो. संशोधकांनी नेमकी तीच उंची त्याला मिळू दिली नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो भागीदार कसा?

मात्र नेहमीच्या रेशीम-उद्योगाकडेही पाहिले पाहिजे. अखंड धागा हाती यावा म्हणून तेथे कोष उकळतात किंवा वाफवतात, आणि आतला जीव मरतो. पैठणीचे तलम रेशीमही असेच मिळते. मंडपावरचे किडे काम संपताच अलगद काढून घेतले गेले. पुढे त्यांचे पतंग झाले. घर गेले, पण प्राण वाचले. दोहोंपैकी हा व्यवहार निःसंशय बरा.

तो मंडप प्रदर्शनापुरताच होता. राहण्याचे घर नव्हे. अशी घरे खरोखरच बांधावयाची झाल्यास किडे लाखांनी लागतील. त्या प्रत्येकाला तुतीचा ताजा पाला रोज घालावा लागेल, आणि विणकाम संपल्यावर पतंग होईपर्यंत त्याला सांभाळावेही लागेल.