अक्सुमचा स्तंभ परतला. गोंदारच्या पोथ्यांचे काय?

इथिओपियाच्या उत्तरेकडील अक्सुम या प्राचीन नगरीत जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतात ते एकसंध पाषाणातून घडविलेले उत्तुंग स्तंभ. त्यांतला सर्वांत मोठा, सुमारे ३३ मीटर लांबीचा, भग्न होऊन भूमीवर आडवा पडला आहे. जवळच २४ मीटर उंचीचा दुसरा स्तंभ उभा आहे. सुमारे सतराशे वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ सत्तर वर्षे या स्तंभाने रोममध्ये काढली. १९३७ साली मुसोलिनीच्या राजवटीने तो तेथे नेला. १९४७ च्या पॅरिस तहान्वये लुटीच्या वस्तू अठरा महिन्यांत परत करण्याचे इटलीने मान्य केले. स्तंभ प्रत्यक्षात परतला तो २००५ साली, तीन तुकड्यांत, विमानाने. आणि २००८ मध्ये आपल्या मूळ भूमीवर पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात, २००२ साली, रोममध्येच त्याच्यावर वीज कोसळून त्याची हानी झाली. परक्या राजधानीत वस्तू अधिक सुरक्षित राहते, या समजुतीला निसर्गाने दिलेले हे उत्तर होते.

अक्सुमहून गोंदारला गेलेल्या प्रवाशाला मात्र निराळाच अनुभव येतो. सतराव्या शतकात सम्राट फासिलदसने वसविलेल्या या राजधानीतील किल्लेवजा प्रासाद आजही भव्य दिसतात. देब्रे बेऱ्हान सेलासी या देवालयाच्या छतावर चितारलेले देवदूतांचे विशाल नेत्र पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. परंतु ज्या विद्येसाठी गोंदार विख्यात होते, तिची साधने असलेल्या पोथ्यांपैकी अनेक पोथ्या आज लंडनमध्ये आहेत. तेथील ब्रिटिश लायब्ररीत मगदालाच्या लुटीतील सुमारे ३५० हस्तलिखिते आहेत.

मगदालाचा हा इतिहास मुंबईच्या वाचकाला परका नाही. सम्राट तेवोद्रोसने ब्रिटिश वकील व अन्य युरोपियनांना बंदिवासात टाकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या मोहिमेचे नेतृत्व मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्याकडे होते. हिंदी शिपाई, बारबरदारीची जनावरे आणि ४४ हत्ती घेऊन हिंदुस्थानातून गलबते निघाली व तांबड्या समुद्राकाठी झुला येथे फौज उतरली. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदालाचा गड पडला आणि तेवोद्रोसने आत्महत्या केली. बंदिवान तत्पूर्वीच मुक्त झाले होते. म्हणजे मोहिमेचा घोषित हेतू सफल झालेला होता. तरीही गड लुटला गेला. लुटीचा भर मैदानात लिलाव झाला आणि आलेली रक्कम सैनिकांत वाटली गेली. खरेदीदारांत ब्रिटिश म्युझियमचा प्रतिनिधीही होता.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. मगदाला येथील पोथ्यांचा संग्रह तेवोद्रोसने केला तो बव्हंशी गोंदारची देवालये लुटूनच. परंतु हा युक्तिवाद ब्रिटनच्या कामी येत नाही. एका राजाने स्वदेशातील एका देवालयाची पोथी दुसऱ्या देवालयासाठी ओढून नेली, म्हणून ती समुद्रापार नेण्याचा अधिकार तिसऱ्याला प्राप्त होत नाही.

या प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी लालिबेलाला जावयास हवे. बाराव्या-तेराव्या शतकांत अखंड खडकात कोरलेली तेथील अकरा देवालये पाहताना मराठी माणसास वेरूळच्या कैलासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. भेद इतकाच की लालिबेलाच्या पाषाणात आजही नित्य उपासना चालते. प्रत्येक देवालयाच्या गाभाऱ्यात ‘ताबोत’ नामक पवित्र फलक असतो. धर्मगुरूंखेरीज तो कोणी पाहू शकत नाही. उत्सवात मिरवला जातो तोही वस्त्रांनी झाकून. असे ११ ताबोत ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात आहेत. त्यांचे पावित्र्य जाणून संग्रहालयाने ते कधीही प्रदर्शनात मांडलेले नाहीत. वस्तू सर्व जगाला पाहता यावी आणि विद्वानांना अभ्यासता यावी, हे संग्रहालयांच्या मालकी हक्काचे नेहमीचे समर्थन. जी वस्तू कोणी पाहणार नाही आणि कोणी अभ्यासणार नाही, तिच्या बाबतीत हे समर्थन पूर्णतः निरर्थक ठरते.

कायदा आडवा येतो, असे सांगितले जाते. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास मनाई केली आहे हे खरे. तथापि जी वस्तू संग्रहात ठेवण्यास योग्य नाही आणि जी दिल्याने अभ्यासकांचे अहित होत नाही, तिच्यापुरता अपवाद त्याच कायद्यात आहे. ताबोत या अपवादात बसत नाहीत, असे म्हणणे कठीण आहे. अन्य काहींनी औदार्य दाखविलेही आहे. १८७२ मध्ये सम्राट योहान्निस चौथे यांच्या विनंतीवरून खुद्द ब्रिटिश म्युझियमने ‘केब्रा नगस्त’ची पोथी परत केली होती. एडिंबरोच्या एका चर्चने २००२ मध्ये आपल्याकडील ताबोत परत पाठविला.

उरतो सुरक्षिततेचा आक्षेप. २०२० ते २०२२ या काळात तिग्राईत भीषण युद्ध झाले. २०२१ मध्ये लालिबेलाही काही महिने बंडखोरांच्या ताब्यात गेले. २०२३ मध्ये अम्हारा प्रांतात पुन्हा संघर्ष पेटला. ही चिंता अनाठायी नाही. परंतु १९४१ च्या बॉम्बवर्षावात ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथही भस्मसात झाले होते आणि संग्रहातील सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या वा खराब झालेल्या असल्याचे २०२३ मध्ये त्याच संस्थेला मान्य करावे लागले. परतीची वेळ व जतनाची व्यवस्था यांविषयी वाटाघाटी जरूर व्हाव्यात. पण त्या मालकी मान्य केल्यानंतर.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०१८ मध्ये मगदालाच्या वस्तू इथिओपियाला दीर्घ मुदतीने उसन्या देण्याची तयारी दर्शविली. त्याच संग्रहालयातून, शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली. आपल्याच घरची वस्तू उसनी घेताना मनाला जी बोच लागते, ती महाराष्ट्राने अनुभवली आहे. ज्यांच्या बंदरातून नेपियरची मोहीम गेली, त्यांनी तरी गोंदारची मागणी ही परक्यांची तक्रार मानू नये. अकरा ताबोत बिनशर्त परत करणे, हा या प्रदीर्घ अन्यायाच्या परिमार्जनाचा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत अटळ असा प्रारंभ होय.